घरच्या खलातला उजेड

बाबा : तो कोपरा बघ, तिथून ऊन येतंय. घोंगडी जरा ओढ आणि चिमटा लाव.

लेक : लावला.

बाबा : आता दार लोटून घे. डोळे मिटून शंभर मोज. त्याआधी बॅटरी लावायची नाही, नियम आहे.

लेक : कोणाचा नियम?

बाबा : या खोलीचा. आधी पन्नासच होते. पण माझे डोळे आता म्हातारे झाले, त्यांना अंधारात शिरायला वेळ लागतो.

लेक : बाबा, मोजायच्या आधी मला एक विचारायचंय.

बाबा : नंतर. चार वाजले. तीनशे अकरा दिवसांत मी एकदाही चार चुकवलेले नाहीत, आणि आज तू आलीस म्हणून चुकवू? ताप होता तेव्हासुद्धा तुझ्या आईच्या खांद्याला धरून इथवर आलो होतो.

आई : तो खांदा पुढे आठ दिवस दुखत होता. वहीत तेही लिहायला हवं होतं.

बाबा : तू दाराबाहेरून बोलू नकोस गं. मोजणं चुकतं.

आई : मी कुठे बोलतेय. कोठीच्या खोलीत बापलेक डोळे मिटून बसलेत आणि मी पिठाच्या डब्यासाठी बाहेर ताटकळतेय, एवढंच.

लेक : झाले शंभर.

बाबा : माझे ब्याऐंशी झालेत. लहानपणापासून तू मधले आकडे खातेस. थांब... हं. आता लाव. सरळ नको, बशीवर तिरकी धर.

लेक : अशी?

बाबा : अशी. बघ आता.

लेक : हो.

बाबा : नुसतं हो काय? पहिल्या दिवशी हे बघून तू रडली होतीस. तू घोटून आणलेली मिठासारखी पांढरी भुकटी, चिमूटभर, आणि या जांभळ्या बॅटरीखाली असली हिरवी. मी चाळीस वर्षं चिनीमातीच्या भांड्यांना रंग दिले, असा हिरवा माझ्या हातून एकदाही उतरला नाही. भट्टीतून काढलेला रंग कितीही चांगला असला तरी बाहेरचा उजेड मागतो. हा स्वतःचा घेऊन बसलाय.

लेक : हासुद्धा मागतो, बाबा. बॅटरीचा घेतो आणि रंग बदलून परत देतो.

बाबा : मला काय म्हणायचंय ते तुला कळतं, मग दुरुस्त कशाला करतेस? खरं सांगू, दुपारी जरा डोळा लागला की मला हीच खोली दिसते. पण भिंती नसतात. फळ्या नसतात, डबे नसतात. सगळीकडे हा हिरवा, आणि त्यातून मी सावकाश चालत असतो, पाण्यातून चालावं तसा. उजवा हात पूर्वीसारखा वर उचलला जातो. बोटांत ब्रश असतो. जाग येते तेव्हा पंजा लोंबतोच आहे. पण वाईट वाटत नाही. म्हणतो, चार वाजता परत जायचंच आहे.

लेक : हे कधी सांगितलं नाहीत.

बाबा : स्वप्नं काय सांगायची. वही घे. आज तू लिही, माझं डाव्या हाताचं अक्षर उद्या तुझ्या लोकांना लागायचं नाही. दिवस तीनशे बारा. रंग हिरवा. किती ठळक, तर कालच्याइतका. हवा दमट, आईने कपडे घरात वाळत घातलेत.

लेक : लिहिते मग.

बाबा : डोळ्यासमोर आहे तोवर लिहायचं. तूच शिकवलंस.

लेक : बाबा, तुम्ही मला खल करून दिलात, त्याला आतून काय लावलं होतं?

बाबा : फुटला की काय?

लेक : नाही फुटला.

बाबा : मग तुझं काय चाललंय? काल फोनवर खल. दुपारी जेवताना खल, कितीला भाजला, माती कुठली. आता परत खल. उद्या त्या सभागृहात तुझं काम दाखवताना खलही मांडणार आहेस का?

लेक : असंच समजा.

बाबा : मग नीट सांग त्यांना. माती दोनदा चाळलेली. चाकावर घडवला तेव्हा माझा एक हात निम्मा गेला होता, म्हणून एक हात माझा आणि एक हिचा.

आई : माझे दोन्ही होते. शिवाय गुडघाही होता, चाक थांबवायला.

बाबा : बरं, दोन्ही. मी उद्या मागच्याच रांगेत बसणार आहे. सदरा काढून ठेवलाय. कोणी विचारलं तर म्हणेन, मी फक्त खलाचा बाप. लेकीचा म्हटलं तर लोक बसायला पुढे जागा देतात, मग खोकताही येत नाही.

लेक : उद्या तुम्ही नाही आलात तरी चालेल.

बाबा : का?

लेक : उद्या मी हा हिरवा दाखवणार नाहीये.

बाबा : बिघडलाय का? मला तर कालच्यासारखाच दिसतोय. बाजूने बघ, कडेलाही कमी झालेला नाही. तुझ्या प्रयोगशाळेत बंद पेटीत ठेवतात, मी इथे उघड्यावर ठेवलाय. कपड्यांची वाफ लागते, स्वयंपाकाची वाफ लागते. तूच म्हणाली होतीस, असल्या वस्तूंना वाफेचीच भीती.

लेक : बिघडला नाही. तो माझा नाही.

बाबा : म्हणजे?

लेक : आमची चष्मेवाली तुम्हाला आठवते ना, माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ती. तिने तेच क्षार घेतले, तेच वजन, आणि संस्थेच्या खलात घोटले. हिरवा आला नाही. मला वाटलं तिची घाई नडली. मग मी स्वतः बसले. तासभर घोटलं. नाही आला. घरच्या खलात घोटलं, तर पाच मिनिटांत आला.

बाबा : हाताचा गुण असतो, तसा खलाचाही असतो.

लेक : मीही हसून तेच म्हणाले. मग झोप उडाली. चमचे बदलले, तराजू पुसला, क्षारांच्या नव्या बाटल्या फोडल्या. शेवटी ही भुकटी मोठ्या यंत्रावर तपासायला दिली. तिथून कागद आला. सिझियम होतं, तांबं होतं, ब्रोमीन होतं. जे असायला हवं ते सगळं होतं. खाली आणखी एक ओळ होती. अगदी थोडंसं, पोतंभर धान्यात चिमूटभर असावं तेवढं.

बाबा : कशाचं?

लेक : बाबा, मी तुम्हाला आतून काय लावलं ते विचारतेय.

बाबा : शिसं.

लेक : हो.

बाबा : बॅटरी मालव जरा.

लेक : मालवली.

बाबा : अंधारात बरं वाटतं. तू कधीपासून ओळखून आहेस?

लेक : आठ दिवस झाले. आठही दिवस मनाशी म्हणत होते, बाबांनी नसेल केलं असं. त्यांना मी बजावलं होतं, आतून कोरा ठेवा. बाहेरून काय हवं ते करा, फुलं काढा, आतून काही लावू नका.

बाबा : बजावलं होतंस.

लेक : मग का केलंत? माझ्या कामाचं नावच बिनशिशाचं आहे, बाबा. शिशाचे स्फटिक जगात सगळ्यांत सुंदर उजळतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण पाण्यात पडले की ते विरतात आणि शिसं मोकळं होतं, म्हणून शिशाच्या जागी तांबं बसवायला मी तीन वर्षं घासतेय. हे मी का निवडलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमच्या पंजाकडे बघून निवडलं. आणि त्याच खलात तुम्ही...

बाबा : बोल. रागावलीस तरी चालेल. अंधार आहे, मला दिसणार नाही.

लेक : मला रागावताही येत नाहीये.

आई : मी आत येऊ का?

बाबा : पिठासाठी?

आई : पीठ राहू दे. ते ग्लेझ, खलाला आतून लावलेला तो चकचकीत लेप, मी ढवळलं होतं, म्हणून.

लेक : तुला माहीत होतं?

आई : डबा कुठला ते माहीत होतं. जुना, गंजक्या झाकणाचा, यांनी कारखाना सोडताना आणलेला. मी म्हटलं, अहो, हे नको, पोरीने नको म्हटलंय. तर म्हणाले, एकदाच. शेवटचं. तळाशी उरलंय तेवढंच. मग मीही ढवळलं. लाकडी पळीने. ती पळी नंतर टाकून दिली, आणि हातही तीनदा धुतले. म्हणजे मलाही कळत होतंच की.

बाबा : तिला दोष देऊ नकोस.

आई : मला कोणी दिलेला नाही, मी आपण होऊन घेतेय.

बाबा : ऐक, बाळ. मी तुला कारण सांगतो, ते बरोबर आहे असं म्हणत नाही. कारखान्यात शिशाचं ग्लेझ बंद झालं तेव्हा नवं आलं. बिनशिशाचं. पहिल्या खेपा भट्टीतून निघाल्या. मढ्याच्या डोळ्यांसारखी भांडी. टाचणीने टोचल्यासारखी भोकं. शिसं कसं, भट्टीत मधासारखं पसरतं. तुमची चूक झाली असेल, हात थरथरला असेल, माती खडबडीत असेल, ते सगळ्यावरून फिरतं आणि सगळं झाकून घेतं. इतकी वर्षं त्याने माझ्या चुका झाकल्या. मग माझा हात घेतला. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला राग आला नाही, खरंच. वाटलं, हिशेब बरोबर आहे.

लेक : बरोबर नाहीये.

बाबा : नसेल. पण तू कॉलेजला गेलीस, नोकरीला लागलीस, इतक्या वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नाहीस. पहिल्यांदा मागितलंस तो खल. तो घडवताना कड वाकडी झाली. आत बोटांचे वळ राहिले. अर्ध्या हाताचं काम. कोरा ठेवला असता तर तुझ्या टेबलावर सगळ्यांना दिसलं असतं, हिच्या बापाचा हात गेलाय. म्हणून ते लावलं. पातळ, एकच हात. आमच्याकडे म्हणायचे, एकदा भाजलं की शिसं काचेत कैद, बाहेर येत नाही.

लेक : भांड्यात डाळ-भात वाढला तर कदाचित येणार नाही. मी त्यात क्षार घालून तीन वर्षं बत्ता घासलाय.

बाबा : होय. ते माझ्या डोक्यात आलं नाही. मी तुझ्या खलाचा विचार भांडं म्हणून केला.

आई : तिचं उद्याचं काय ते विचारा आधी. स्वतःचंच चाललंय.

बाबा : हो. उद्या काय सांगणार आहेस?

लेक : हिरवा शिशाचा होता, हे सांगावंच लागेल. आमच्या मार्गदर्शक बाईंना सकाळी सांगून झालं. त्या म्हणाल्या, पाठवलेला लेख परत मागव. मागवला. तेवढं झालं. पण उद्या कोणीतरी उठणार आणि विचारणार, शिसं आलं कुठून? तिथे माझी गाडी अडते.

बाबा : का अडावी?

लेक : कारण तुम्ही मागच्या रांगेत बसलेले असाल. इस्त्रीचा सदरा घालून.

बाबा : म्हणून येऊ नका म्हणालीस.

लेक : आठ दिवस मी बनवाबनवीची उत्तरं तयार करतेय. जुना खल होता. बाजारातून आणलेला होता. कुठून आलं ठाऊक नाही. प्रत्येक उत्तर आरशासमोर म्हणून बघितलं. एकही नीट म्हणता येत नाही.

आई : खोटं बोलताना तुझा डावा कान लाल होतो. तिसरीपासून.

बाबा : मला एक सांग. इतके दिवस मी जे बघत होतो, त्यात तुझं काहीच नव्हतं? तुझं तांबं कुठे गेलं?

लेक : होतं सुरुवातीला. पण हिरव्यापुढे दिसलं नाही, आणि वाफेत बहुतेक कधीच मेलं असेल. मी कधी वेगळं बघितलंच नाही. शिसं इतकं ठळक होतं की बाकी काही शोधावंसं वाटलं नाही.

बाबा : झाकून घेतलं.

लेक : हो.

बाबा : म्हणजे त्याने तुझ्याही चुका झाकल्या.

लेक : चूक म्हणायची की नाही तेही माहीत नाही. दुसरी बाटली आणलीय मी. संस्थेच्या खलातली. आणि या वेळी घोटून झाल्यावर घाई केली नाही. ऊब दिली आणि हळूहळू निवू दिलं, दीड दिवस.

बाबा : हळूहळू का?

लेक : तुम्हीच म्हणाला होतात कधीतरी. नवं ग्लेझ कसं जमलं ते सांगताना.

बाबा : हं. सहा महिने लागले आम्हाला ते कळायला. शिसं घाई चालवून घेतं, हे नवं नाही घेत. भट्टी झाकून घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. एकजण तर भट्टीपाशी अंथरूण टाकून बसायचा, कोणी उघडू नये म्हणून. आण ती बाटली.

लेक : फार काही दिसणार नाही. हा उजळायला आणखी वेगळा दिवा लागतो, प्रयोगशाळेतला. तुमच्या बॅटरीत जेमतेम.

बाबा : आण तर.

लेक : ही हिरवी बशी झाकून ठेवते. ही घ्या. लावते बॅटरी.

बाबा : कुठाय?

लेक : माझ्या बोटापाशी.

बाबा : मला तुझं बोटही दिसत नाही. पांढरी भुकटी आहे एवढं दिसतंय. उजेड म्हणशील तर नाही दिसत. थांब, पुन्हा शंभर मोजतो.

लेक : राहू द्या, बाबा. उद्या तिथे चांगल्या दिव्याखाली...

आई : आले मी आत. मला दिसतंय.

बाबा : तुला? तू तर इतक्या दिवसांत चारच्या वेळी कधी आत आली नाहीस.

आई : म्हणूनच दिसतंय. तुमच्या डोळ्यांत अजून तो हिरवा भरलाय. मी बाहेरच्या अंधाऱ्या बोळात उभी होते. निळा आहे. काचेच्या तळाशी. फार नाही, श्वास लागला तर जाईल की काय असं वाटतंय.

लेक : श्वासाने नाही जाणार. निदान सहा दिवसांत गेलेला नाही.

बाबा : किती टिकेल?

लेक : माहीत नाही. मला खरंच माहीत नाही, बाबा. तांबं हवेत बदलतं. महिनाही टिकणार नाही कदाचित.

आई : अहो, असे डोळे ताणून बघू नका. जरा बाजूला बघा, शेजारच्या डब्याकडे. मग तो कडेने येईल. हात द्या इकडे. हा नाही, तो. झोपलेला. द्या. ही बघा बाटली, तुमच्या बोटांत. आता डब्याकडे बघा.

(बाबा डब्याकडे बघतात.)

बाबा : आहे.

लेक : दिसला?

बाबा : आहे. बघायला गेलं की लपतो. सोडून दिलं की येतो. बोटांच्या मधून येतोय. माझी बोटं दिसताहेत त्यात.

लेक : कसा वाटतो?

बाबा : हिरव्याइतका सुंदर नाही. मी तुला खोटं सांगणार नाही.

लेक : नका सांगू.

बाबा : पण हा तुझा आहे ना?

लेक : हा माझा आहे. तो कागदही आलाय. खाली जादा ओळ नाही.

बाबा : मग उद्या हा दाखव. आणि कोणी विचारलं, शिसं आलं कुठून, तर सांग, माझ्या वडलांनी खल केला होता, त्यांनी लावलं. मी मागे बसलेला असेन. कोणाला अजून काही विचारायचं असेल, कुठलं ग्लेझ, किती भाजलं, तर मी उभा राहीन. एवढं तरी मला येतं.

लेक : लोक तुमच्या हाताकडे बघतील.

बाबा : बघू देत. तो झाकायलाच तर हे सगळं केलं, आणि तुझी तीन वर्षं त्यात गेली.

लेक : तीनही गेली नाहीत. शेवटचे आठ दिवस राहिलेत.

आई : कान बघू तुझा. नाही, लाल नाहीये.

बाबा : वही घे आता. लिही. दिवस पहिला.

लेक : हा तयार करून सहा दिवस झालेत.

बाबा : ते तुझे. माझा पहिला. रंग निळा. किती ठळक...

आई : जेमतेम.

बाबा : जेमतेम. हवा, कालच्यासारखीच दमट. आणि उजव्या बाजूला एक नवा रकाना आख. वर लिही, खल.

लेक : आखला. याच्यापुढे संस्थेचा खल, असं लिहिते.

बाबा : लिही.

लेक : आणि आधीची पानं? तीनशे बारा दिवस?

बाबा : आजचा धरून. त्या प्रत्येक दिवसापुढे लिही, बाबांनी केलेला.

आई : आणि ग्लेझ आईने ढवळलेलं, तेही लिही. सावकाश लिही, घाई नाही. बॅटरी असू दे अजून थोडा वेळ.